काटा चालू असताना

बाबरबाई रिक्षातून उतरल्या त्या मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी कवटाळूनच. रिक्षावाल्यानं धरायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "हे राहू दे. तेवढा माझा पदर अडकलाय दांडीला, तो सोडव." निळ्या फुलांच्या दुलईत गुंडाळलेला सीपीयू होता तो. दुलई तान्ह्या बाळाची होती. सीपीयूचे दोन कोपरे तिच्यातून बाहेर आले होते.

मी जिन्याशी उभी होते. पुढे झाले.

"बाई, द्या माझ्याकडे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वृषाली ना तू? चौथी ब. खिडकीपाशी बसून कावळे मोजायचीस."

"हो बाई."

"आता काय मोजतेस?"

"आता कॉम्प्युटर शिकते. इथंच, मंडळात."

"मग धर. पण जपून हं. रोहिणी आहे त्यात."

रोहिणी म्हणजे त्यांची मुलगी. सुरतेला दिलेली. चैत्रात ती गेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना तोल गेला, असं सासरच्यांनी फोन करून कळवलं होतं. कराडात यावर कुणाचा विश्वास नव्हता आणि उघड कुणी बोलतही नव्हतं.

मी ते गाठोडं छातीशी धरून जिना चढले. मागून बाई एकेका पायरीवर थांबत येत होत्या.

२००५ साल होतं. आमचं संगणक मित्र मंडळ महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी पतसंस्थेच्या वरच्या हॉलमध्ये भरायचं. सभासद पंचवीस, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हताच. मीही त्यातलीच. मंडळाचं एक मशीन होतं, त्यावर पाळीपाळीनं बसायचं. अध्यक्ष प्रभुणे सर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नव्हता. मला त्यांनीच वर्गणी न घेता मंडळात घेतलं होतं. घरी आम्ही तीन बहिणी, अण्णा कापडाच्या दुकानात कामाला. मोठ्या दोघींची लग्नं उरकली होती आणि माझ्यासाठी विट्याचं एक स्थळ येऊन बसलं होतं.

"या, या बाई," सर म्हणाले. "बसा. पंखा लाव गं. काय झालं मशीनला?"

"चालूच होत नाही हो. निळा पडदा येतो, त्यावर पांढरी अक्षरं, आणि पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवस झाले."

"व्हायरस. दुसरं काही नाही."

"ते काय असेल ते असू दे. मला फक्त छापून द्या." बाईंनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. वकिलांचं अक्षर होतं. "रोहिणीच्या मेल. एकशे बारा आहेत. कॅफेत जाऊन लिहायची ती, बाजाराला जाते सांगून. सगळं लिहिलंय तिनं. कोण काय बोललं, कुणी हात उचलला, तारीखवार. आणि शेवटच्या मेलमध्ये लिहिलंय, मला काही झालं तर जुईला इथं ठेवू नकोस, तुझ्याकडे ने."

सरांनी खुर्ची बाईंजवळ ओढली.

"जुई किती वर्षांची?" सरांनी विचारलं.

"चार पूर्ण होतील दिवाळीत. जावयाचं दुसरं लग्न ठरलंय. वकील म्हणाले, तोंडी कोण ऐकणार बाई, कागद आणा. गुरुवारी कागद पाहिजेत." मग माझ्याकडे वळून जरा हळू म्हणाल्या, "मी रोज एक वाचायची गं. दुपारचं जेवण झालं की एक. आठ दिवस वाचली नाही तर जेवण उतरत नाही."

"आज संध्याकाळच्या आत छापून मिळतील," सर म्हणाले. आणि मग त्यांना सुचलं ते. त्यांच्या चेहऱ्यावर ते सुचताना मला दिसलं. "मंडळी, आज काटा बाईंच्याच मशीनवर लावू. एरवी आपण नुसता सराव करतो, आज सत्कारणी लागेल."

काटा म्हणजे आमच्या मंडळाची परीक्षा. बिघडलेलं मशीन घ्यायचं, त्यातलं पाहिजे ते काढून ठेवायचं, ते पुसून स्वच्छ करायचं, नव्यानं विंडोज घालायची आणि पुन्हा पहिल्यासारखं चालवून दाखवायचं. सर हातात स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे. सर्वांत कमी वेळ ज्याचा, त्याला दिवाळीनंतर पुण्याला सरांच्या एका विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये सहा महिन्यांचा कोर्स फुकट. शिवाय पुढे नोकरीची चिठ्ठी. शेट्यांच्या मुलाचा वेळ चाळीस मिनिटं होता. माझा एक्केचाळीस. हा शेवटचा काटा होता.

आणि काट्याला एकच नियम, फळ्यावर वर्षभर न पुसलेला. काटा चालू असताना कुणी बोलायचं नाही. खुणाही करायच्या नाहीत. केल्या तर काटा बाद.

"वृषाली, हात धुऊन ये," सर म्हणाले.

"सर, नेलपॉलिशपण लावू द्या तिला, पुण्याला जायचंय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाईसुद्धा जरा हसल्या.

मी पेचकस घेतला. डिस्क काढून मंडळाच्या मशीनला जोडली. सरांनी बटण दाबलं. पहिला प्रश्न विचारायचा ठरलेला असायचा, तो विचारला.

"बाई, काय काय ठेवायचं?"

"मेल. दुसरं काही नाही माझं."

"मेल कुठं जात नाहीत बाई. मेल नेटवर असतात."

"नक्की ना?"

"हो हो. कुठल्याही मशीनवरून उघडा, दिसतात. माझ्यापण तशाच आहेत." मी कॅफेत जाऊन याहू उघडायची. माझ्या मैत्रिणीही तसंच करायच्या. मेल म्हणजे तेच, हेच मला माहीत होतं. "आणखी काही? पत्रं, फोटो?"

"ते कसलं माय डॉक्युमेंट असतं ना, त्यात लोणच्याची कृती आहे बघ. आणि शाळेचा निरोपाचा समारंभ."

मी लोणच्याची कृती काढून ठेवली. निरोप समारंभ काढून ठेवला. डिस्क पुन्हा बाईंच्या मशीनला लावली, सीडी घातली आणि फॉरमॅटच्या ओळीवर आले.

तेवढ्यात मुल्लाचाचा आले. रशीद मुल्ला, एसटी स्टँडमागे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मंडळात खरं हार्डवेअर येणारे तेवढेच एक. खालच्या टपरीचा चहा त्यांना चालायचा नाही, म्हणून दर बैठकीला घरून किटली भरून आणायचे. हातात किटली, बोटांत कपांचे कान अडकवलेले, तसे ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडदा बघितला. बाईंकडे बघितलं. मग वाकून म्हणाले, "पोरी, औटलूक..."

"मुल्लाभाई," सर म्हणाले आणि त्यांनी स्टॉपवॉचचा हात वर केला. दुसऱ्या हाताचं बोट फळ्याकडे.

चाचांनी किटली टेबलावर ठेवली. मला त्यांचं अर्धं वाक्य ऐकू आलं होतं. ते ऐकलं असं दाखवलं असतं, तर माझा काटा बाद झाला असता. मी मान वर केली नाही. एंटर दाबलं.

अडतीस मिनिटं आणि वर काही सेकंद. टाळ्या पडल्या. सरांनी आकडा वहीत लिहिला. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चौथी ब," त्या म्हणाल्या, "शाबास. आता काढ माझ्या मेल."

मी औटलूक हा मेल वाचायचा प्रोग्रॅम उघडला. त्यानं नाव विचारलं. बाईंचं नाव घातलं, पासवर्ड त्यांनी कागदावर लिहून आणला होता, तोही घातला. सरांनी फोनची वायर लावली, मोडेमचा कर्रर्र आवाज झाला. खाली पट्टी सरकली. शून्य. नवीन मेल नाही.

"पुन्हा दाब," बाई म्हणाल्या.

पुन्हा दाबलं. शून्य.

"लाइन स्लो असेल," सर म्हणाले. पण त्यांचा हात बुशशर्टाच्या खिशाशी गेला, पेनं नीट करायला. मी मुल्लाचाचांकडे बघितलं. ते कपात चहा ओतत होते, आणि कप भरून बशीत सांडत होता.

"वृषाली, नेटवर असतात म्हणालीस ना?"

"हो बाई. म्हणजे... असतात."

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या डिस्कमध्येच काही दोष दिसतोय. तपासावी लागेल. मशीन ठेवून जा. मी जातीनं बघतो."

"गुरुवारी कागद पाहिजेत हो सर."

"बघतो म्हटलं ना."

बाईंनी दुलई झटकली, घडी केली, काखेला मारली. जाताना सीपीयूवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. ताप बघतात तसा.

त्या गेल्यावर सरांनी बाकीच्यांना लवकर सोडलं. आम्ही तिघंच राहिलो.

"आता ऐक," मुल्लाचाचा म्हणाले. "तुझी मेल वर ऱ्हाते, कारण तू कॅफेत जातीस. बाईंची वर ऱ्हात नव्हती. ती रोज खाली ह्या डबड्यात उतरायची, आणि उतरली की वरची खोडली जायची. एकशे बाराच्या एकशे बारा इथं होत्या, आत."

"मला नव्हतं माहीत, चाचा."

"तुला नव्हतं. सरांना होतं."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काट्याच्या गडबडीत ध्यानात नाही आलं."

"माझ्या ध्यानात आलं हुतं! तोंड उघडलं तर तुम्ही फळा दाखवला मला!"

मला रडू फुटलं. चाचा माझ्याजवळ स्टुलावर बसले. "गप. क्विक फॉरमॅट केलंस ना? मग समदं गेलं न्हाई. असं समज, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडलीय. पानं आत हायती. पुण्यात एक माणूस हाय, काढून देतो. विंडोज घालताना चार-दोन पानांवर गिरगटलं असंल, पण बाकीची मिळतील. फकस्त एक. आता ह्या डिस्कवर कायसुदिक लिहायचं न्हाई. चालूच करायची न्हाई."

त्यांनी मशीन उघडलं, डिस्क बाहेर काढली. पांढऱ्या चिकटपट्टीवर स्केचपेननं लिहिलं, बाबरबाई, हात लावू नये. आणि डिस्कवर दाबून चिकटवली.

"द्या. मी उद्याच पुण्याला जातो."

"आणि बाईंना काय सांगायचं?" सरांनी विचारलं.

"जे झालं ते."

"मुल्लाभाई, कोर्टातलं प्रकरण आहे हे. पुरावा नष्ट केला म्हणून नोटीस येईल मंडळाला. उद्या तो पुण्याचा माणूस काही देऊ शकला नाही, तर? खाली पतसंस्थेवाले आपल्याला जागा देतात, ते एका दिवसात कुलूप घालतील. आणि नाव कुणाचं येईल? वहीत लिहिलंय कुणाचं नाव, अडतीस मिनिटं म्हणून?" सर माझ्याकडे वळले. आवाज खाली आणला. "पोरीचं लग्न व्हायचंय. कोर्टात उभी करायची का तिला?"

"मग काय करायचं म्हणता?"

"डिस्क गेलेलीच होती असं सांगायचं. यंत्र आहे, जातं. मंडळातर्फे नवीन डिस्क देऊ बाईंना. आणि ही कपाटात राहू दे. प्रकरण शांत झालं की बघू पुण्याचं."

"शांत झालं की? गुरुवारी पाहिजेत सर त्यांना!"

सरांनी डिस्क कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. चाचांनी किटलीत उरलेला चहा तसाच मोरीत ओतला. "वहीतनं माझं नाव काढा," म्हणाले आणि जिना उतरले. मी मागे धावले. जिन्याच्या खाली त्यांनी मला थांबवलं, एका कागदावर पुण्याच्या माणसाचा पत्ता लिहिला.

"मी सांगितलं तर बाईंना वाटंल, ह्याचं सरांशी भांडण झालंय म्हणून बोलतोय. त्या सरांना मानतात. तू सांग. तू त्यांच्या वर्गातली. डिस्क त्यांची हाय, त्यांनी मागितली तर सरांना द्यावीच लागंल. सांगशील न्हवं?"

"हो."

"आजच."

"हो चाचा."

बाईंचं घर सोमवार पेठेत. मी त्या संध्याकाळी तिथपर्यंत गेले. खिडकीतून दिवा दिसत होता. बाई दळण निवडत होत्या, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मी फाटकाची कडी हातात धरून उभी राहिले. सांगायला लागेन तेव्हा पहिलं वाक्य कुठलं, ते जुळवत होते. जुळलं की पुढचं आठवायचं. कोर्ट, अण्णा, विट्याचे लोक, पुण्याचा कोर्स. मग कडी सोडली.

मंगळवारी सरांनीच जाऊन बाईंना सांगितलं, डिस्क गेली. गुरुवारी त्या वकिलांकडे रिकाम्या हातांनी गेल्या. रोहिणीच्या खात्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता.

त्याआधी, बुधवारी मला एसटी स्टँडमागून जावं लागलं. मी मान खाली घालून चालले होते, पण मुल्लाचाचांनी दुकानातून हाक मारली. समोर टीव्ही उघडा, हातात तारांना डाग द्यायची गरम कांडी.

"सांगितलंस?"

मी मान हलवली. होय अशी.

"काय म्हणाल्या?"

मी काहीतरी सांगितलं. दोन वाक्यं. चाचांनी कांडी खाली ठेवली. "बरं," म्हणाले. "त्यांची मर्जी."

चौथ्या रविवारी छोटासा कार्यक्रमच झाला. सरांनी मंडळातर्फे बाईंना नवी डिस्क दिली, नारळाबरोबर. दोन शब्द बोलले. बाईंचे डोळे भरून आले. "मी तुमची कोण," त्या म्हणाल्या, "आणि किती केलंत माझ्यासाठी." त्याच कार्यक्रमात माझं नाव पुण्याच्या कोर्ससाठी जाहीर झालं. बाईंनी मला शाईचं पेन दिलं, हिरव्या टोपणाचं. मी वाकून नमस्कार केला.

सगळे गेल्यावर सर कपाट उघडून म्हणाले, "मंडळाच्या मशीनची जागा संपत आलीय. ही चाळीस जीबी पडूनच आहे. लावून टाक."

"सर, पण चाचा म्हणाले होते..."

"मुल्लाभाई आता मंडळात नाहीत. आणि कपाटात असली वस्तू पडून राहिली की कुणीतरी विचारतं. लाव."

चिकटपट्टी घट्ट बसली होती. मी नखानं सोलून काढली. एका कोपऱ्याला थोडा पांढरा चिकटा राहिला, तो थुंकी लावून पुसला. चार स्क्रू पिळले. मशीन चालू केलं तेव्हा पुढचा, डिस्कवर काम चालू असलं की लागणारा लाल दिवा लुकलुकायला लागला. त्या दिवसापासून मंडळात नवं जे सेव्ह व्हायचं, ते हिच्यावरच जायचं.

दिवाळीच्या आधी जुईच्या ताब्याचा निकाल लागला. जुई बापाकडेच राहिली. दिवाळीनंतर मी पुण्याला गेले, तिथून नोकरी, विट्याचं स्थळ मागे पडलं. पुढे माझ्या पसंतीचं लग्न झालं. माझं सगळं बरं झालं.

हे मी दुपारी लिहितेय. माझी मुलगी शेजारी झोपलीय, चार वर्षांची, एक पाय माझ्या मांडीवर टाकून. पाय हलवला तर उठेल, म्हणून वही गुडघ्यावर तिरकी धरलीय. गेल्या आठवड्यात हिचा बाबा माझा फोन हातात घेऊन म्हणाला, "जागा भरलीय गं. तीन हजार फोटो नि व्हिडिओ आहेत हिचे. काय काय ठेवायचं?" मी फोन त्याच्या हातातून ओढूनच घेतला. तो चकित होऊन बघत राहिला. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

एकच बैठक सांगायची राहिलीय. मी पुण्याला जायच्या आधीची, निकालानंतरची.

बाई मंडळाच्या सभासद झाल्या होत्या. मराठी टायपिंग फक्त मंडळाच्या मशीनवर होतं, ते शिकायला त्या यायच्या. त्यांना रोहिणीच्या मेल आठवून लिहून काढायच्या होत्या. वकिलांनी सांगितलं होतं, बाई, आठवणीला कोर्टात किंमत नाही. तरी लिहायच्या होत्या. जुई मोठी झाल्यावर तिला द्यायला.

त्या रविवारी सर मला म्हणाले, "तू बस त्यांच्याशेजारी. तुझ्याशी जमतं त्यांचं."

बाई एका बोटानं अक्षर शोधायच्या. सापडलं की वर्गात हजेरीला म्हणायच्या तसं "हं" म्हणायच्या.

"सातवी मेल," त्या म्हणाल्या. "ह्यात जुईला गोवर आल्याचं होतं. आणि आमटीत गूळ घातल्याशिवाय जेवत नाही, ते. पण सुरुवात कशी केली होती गं रोहिणीनं? ‘आई, आज वेळ मिळाला’ अशी, की ‘आई, घाईत लिहितेय’ अशी? रोज वाचायची मी. पाठ आहे असं वाटायचं. समोर होतं तेव्हा पाठ होतं."

"जमेल तसं लिहा बाई."

"तसं कसं? तिचं ते तिचं. मी लिहिलं की माझं होतं ते." तरी त्या लिहीत राहिल्या. अर्धं पान झालं. मग बोट थांबवून त्यांनी सहज विचारलं, "अगं, परवा मंडईत मुल्लाभाई भेटले. मेथीची जुडी घेत होते. मला म्हणाले, ‘बाई, तुमचं बरोबर हाय. गेलेल्या लेकीचं आता कशाला उकरायचं. पर मन बदललं तर अजून हाक मारा.’ आणि डोळे पुसले हो त्यांनी. मला काही कळेना. मी कधी म्हणाले असं?"

म्हणाल्या नव्हत्या. ते शब्द माझे होते. गेलेल्या लेकीचं आता कशाला उकरायचं, असं बाई म्हणाल्या, हेच मी त्या बुधवारी चाचांना सांगितलं होतं.

"तुला ठाऊक आहे का कशाबद्दल म्हणाले?"

पुण्याच्या माणसाचा पत्ता माझ्या पर्समध्ये होता, घडी घालून, बाईंनी दिलेल्या पेनाशेजारी.

"नाही बाई," मी म्हणाले.

"असो. म्हातारे झाले तेही." बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. शेवटची ओळ ओठ हलवत वाचली. गुळाची ओळ होती. चष्मा पुसला.

"झालं एवढंच आज. बाकीचं आठवेल तेव्हा. हे आता कसं ठेवायचं म्हणालीस? सेव्ह?"

"हो बाई."

"म्हणजे मग हे जात नाही ना कुठं?"

"नाही जात."

त्यांनी माउस धरला. बाण डुगडुगत वर गेला, त्या छोट्याशा चौकोनावर टेकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गणित सोडवून झालं की मी त्यांच्याकडे बघायची तसं.

"करू?"

पायाशी पेटीवर डिस्कचा तो लाल दिवा अजून लागला नव्हता.

"करा," मी म्हणाले.